न दिलेला अर्ज

अर्ज मी दिला नाही. पेठेनं मला कोल्हापूरला पाठवलं, वाटेत खायला भाकरी बांधून दिल्या, वेशीपर्यंत पोचवायला माणसं आली, आणि मी तो अर्ज महाराजांपर्यंत न पोचवता परत आलो. आल्यावर सांगितलं, दिला. ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईलाही तिच्या शेवटच्या दुखण्यात नाही. आता पंचेचाळिशी उलटली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतले काही मेले, बरेचसे नदीपलीकडं गेले. बोलून सांगायला मला कधीच नीट जमलं नाही. लिहिता येतं. लिहिता येतं म्हणूनच तर मला पाठवलं होतं.

आमचं गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, दिवसभराच्या चालीवर. राज्य महाराजांचं, पण गाव एका जहागिरीत. पट्टी, दंड, जकात, जे काय असेल ते जहागिरीच्या कचेरीत भरायचं. गावाच्या खालच्या अंगाला आमची विणकरांची पेठ. निम्म्यावर घरं आम्हा कोष्ट्यांची, उरलेली मोमिनांची, आणि तोंडाशी सुताचा व्यापार करणाऱ्या जैनांची दोन घरं. पेठेखाली नदी, आणि नदीपलीकडं खालसा मुलूख, म्हणजे इंग्रजांचा. तिकडं मागावर पट्टी नव्हती. आमच्याकडं होती.

ती पट्टी कशी होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कचेरी प्रत्येक विणकराकडून वेगळी घेत नसे. आख्ख्या पेठेची मिळून वर्षाची एक ठोक रक्कम होती. कुणा जुन्या कारभाऱ्यानं ती ठरवली, तेव्हा पेठेत शंभरावर माग चालत होते म्हणे. पुढं दुष्काळ आला, गिरणीचं कापड आलं, प्लेगात कितीतरी घरांची दारं बंद झाली. माग निम्म्यावर आले. रक्कम तेवढीच राहिली. ती कशी वाटून घ्यायची ते पेठेनं बघायचं.

पेठ ती वाटणी खंडेनवमीला करी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमचं हत्यार माग. सकाळी पेठेचे पंच झेंडूची पाटी घेऊन निघत आणि घरोघर जाऊन प्रत्येक मागावर एकच फूल ठेवत. मोमिनांच्या घरांतही ठेवत, आणि ते लोक पंचांच्या हातावर साखर ठेवत. पाटीत मोजून घातलेल्या फुलांतली किती उरली ते शेवटच्या घरी बघायचं. जेवढी गेली तेवढे माग. मग रकमेला तेवढ्यानं भागायचं. कुणी शपथ घेत नसे, कुणी सही करत नसे. माग लपवायचा म्हणजे खंडेनवमीला त्याला पूजेवाचून ठेवायचं, आणि असं कुठलाही विणकर करणार नाही, एवढाच त्या मोजणीचा आधार होता.

आजोबांच्या काळात एका घरानं एक माग लपवला होता. पेठेनं दंड केला नाही, मारझोड केली नाही. त्यांच्या ताण्याला जाणं बंद केलं. आमच्याकडं ताणा गल्लीत लावतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं सूत ताणायचं, खळ लावायची, कुंचला फिरवायचा. त्याला एका घराची माणसं पुरत नाहीत. आज तुझा ताणा, उद्या माझा, असं चालतं. त्या घराच्या ताण्याला कुणी आलं नाही. चार महिन्यांत ते घर उठून गेलं.

मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हा पेठेतून माणसं जायला लागली होती. महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. कोल्हापुरात स्टेशनाजवळ नवी पेठ वसतेय, गुळाच्या गाड्यांची रांग लागते, अशा बातम्या बाजाराला जाणारे आणायचे. आमच्याकडं उलटं चाललं होतं. एक घर गेलं की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडे. वाटा वाढला की काठावर बसलेलं आणखी एक घर उठे. पारावर रोज तेच बोलणं.

"अजून चार घरं गेली की आपण सगळं मिळून बी पट्टीला पुरायचं न्हाय," एक पंच म्हणायचे.

"कचेरीला सांगा की."

"सांगितलं. कारभारी म्हणतो, जे गेल्यात त्यास्नी परत आणा, म्हंजे वाटा कमी हुईल."

"लई शहाणा हाय. त्यालाच बसवा मागावर."

जो कायमचा जाई तो आपल्या मागाचा खड्डा भरून जाई. आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. घर सोडताना लाकूडसामान गाडीत घालता येतं, खड्डा नेता येत नाही. तो आपल्या हातानं मातीनं भरायचा आणि वरून सारवायचं. बायका सारवताना रडायच्या. पुरुष बाहेर गाडीच्या दोऱ्या उगाच आवळत बसायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मोमिन विणकर राहायचे. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणे. पन्नाशी उलटलेले, बारीक, एका डोळ्यात फूल पडलेलं. लुगड्याचा काठ विणण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. घरात चाची, लग्नाला आलेला एक मुलगा आणि दोन माग. माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीसचा होतो. मागावर अर्धवट राहिलेलं वडलांचं लुगडं चाचांनी येऊन पुरं केलं आणि मजुरीचा विषय काढू दिला नाही. काठाची वीण मला त्यांनीच शिकवली. चुकलो की म्हणायचे, "लेका, हे लुगडं हाय, जाळं न्हवं. मासं धरायचं असलं तर नदी तिकडं हाय."

माझ्याकडं दोन माग होते. त्या वर्षी जैन व्यापाऱ्यानं मला जास्त सूत देतो म्हटलं. मी आणखी दोन माग घालायचं ठरवलं. चार मागांची पट्टी भरली तर हातात काही उरणार नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. ते खोटं नव्हतं. पण माझ्याजागी दुसरा कुणीही असता तरी त्याला हेच कारण होतं, आणि बाकी कुणी तसं केलं नाही.

परड्याकडच्या खोलीत मी दोन खड्डे खणले. श्रावण चालू होता. पोती भरून माती बाहेर काढताना चाचांनी पाहिलं.

"काय रं, काय चाललंय?"

"पेव खणतोय चाचा. धान्याला."

"पावसात?" त्यांनी माझ्याकडं, मग आभाळाकडं बघितलं. "धान्य काय पवायला ठेवणार हाईस व्हय?"

मी हसलो. ते आत गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी त्या दोन मागांचं वरचं सामान उतरवलं, खड्ड्यांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर कडबा रचला. सकाळी पंच आले. पुढच्या खोलीत दोन झेंडू ठेवले. आईनं त्यांना पाणी दिलं. आईला ठाऊक होतं. पंच उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत ती खाली बघत होती. त्या दिवशीचा नैवेद्य तिनं खाल्ला नाही. त्या वर्षी फुलं आणखी कमी गेली. वाटा वाढला. माझ्या दोन फुलांचा भार इतर सगळ्यांवर थोडा थोडा पडला, आणि त्यातला थोडा भिंतीपलीकडं.

दिवाळीनंतर चाचांनीच अर्जाचं काढलं. त्यांचा मुलगा नदीपलीकडं जाऊ म्हणून मागं लागला होता. चाचांना जायचं नव्हतं. त्यांचे आईबाप, दोन लेकरं, सगळी याच मातीत होती. पारावर ते म्हणाले, "महाराज वाटंत गाडी थांबवून गरिबाचा कागद घेत्यात म्हंत्यात. आपण कचेरीच्या दारात डोकं आपटत बसलोय. एकदा तिथं जाऊन बघूया की. हुईल न्हाय हुईल. न्हाय झालं तर मी बी खड्डा भरतो आणि जातो. पर इच्यारल्याबिगर जायचं न्हाय."

अर्ज लिहायला मला बसवलं. पेठेत धड लिहिता येणारा मीच. पार भरला होता. मी मायना लिहिला, गाऱ्हाणं लिहिलं. शेवटी काय मागायचं यावर गलका झाला. कुणी म्हणे पट्टी माफ करा लिही, कुणी म्हणे निम्मी करा लिही. चाचांनी हात वर केला.

"माफ बीफ मागू नगं. भीक वाटती. असं लिही. महाराजांनी आपला माणूस पाठवावा, त्यानं घरोघर फिरून, खोल्या उघडून माग मोजावं, आणि जेवढं माग हाईत तेवढ्याचीच पट्टी घ्यावी. एक जास्त न्हाय, एक कमी न्हाय."

"ह्ये बेस झालं," पंच म्हणाले.

मी ते वाक्य लिहिलं. घरोघर फिरून, खोल्या उघडून. अक्षर चांगलं आलं. खाली सगळ्यांनी अंगठे उठवले, मी सही केली.

पहाटे निघालो. वाटभर तो कागद बंडीच्या आत छातीला लागत होता. काही कोस गेल्यावर मला नीट कळलं की मी काय नेतो आहे. महाराजांनी खरंच माणूस पाठवला तर तो कडबा उचलणार. सरकार दंड करील, तो भरता आला असता. पण तो माणूस मोजणी पारावर सगळ्यांपुढं वाचून दाखवणार. त्यानंतर माझ्या ताण्याला कोण येणार? आई गल्लीतून पाणी कशी आणणार? आणि चाचा. पंचांपेक्षा मला चाचांच्या तोंडाची भीती वाटत होती. परत फिरून सगळं सांगावं असंही मनात आलं. एका आंब्याखाली मी थांबलोसुद्धा. मग उठलो आणि कोल्हापूरच्याच दिशेनं चालायला लागलो.

त्या दिवशी शहराबाहेरच्या एका देवळात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या रस्त्याला झाडाखाली जाऊन बसलो. तिथं पंधरावीस माणसं आधीच बसली होती. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. तिची म्हैस कुणी दाबून ठेवली होती, आणि अर्जापेक्षा ती गोष्ट तोंडी सांगण्यातच तिला जास्त रस होता. तिनं मला ती तीनदा सांगितली. दर वेळी म्हैस आणखी थोडी चांगली होत गेली.

उन्हं वर आल्यावर गाडी आली. घोड्यांची चाल कमी झाली, आणि खरंच गाडी थांबली. आत महाराज बसलेले दिसले. बाजूचा स्वार खाली उतरून रांगेनं कागद घेत आला. म्हातारीनं अर्ज दिला आणि वर म्हशीचं वर्णनही केलं. स्वार हसला. मग माझ्यापुढं उभा राहिला.

"काय पावणं, अर्ज हाय न्हवं? आणा हिकडं."

माझा हात बंडीत गेला होता. कागदाची कड बोटांना लागली. महाराज माझ्याकडंच बघत होते, असं मला वाटलं. तसं असेलच असं नाही.

मी म्हणालो, "न्हाय जी. नुस्तं दर्शनाला आलोय."

"दर्शनाला?" स्वारानं माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं. "बरं." आणि तो पुढं गेला. दोन घटकांत रस्ता मोकळा झाला.

म्हातारी माझ्याकडं वळली. "बाबा, एवढं पाय तोडत आलास ते नुस्तं बघाया? मग देवळात जायाचं हुतं की. तिथं तरी परसाद मिळतुया."

परतीच्या वाटेवर एका रानात गुऱ्हाळ चाललं होतं. नुकताच हंगाम सुरू झाला होता. गुळव्यानं हाक मारली, "या पावणं, रस पिऊन जावा." मी बसलो. मोठी काहील उकळत होती, खाली चुलवाणात चिपाडं जळत होती. मी बंडीतून अर्ज काढला.

"काय जाळताय?" गुळव्यानं विचारलं.

"जुना कागद हाय."

"टाका की मग. तेवढाच जाळ."

मी टाकला. पेठेतल्या सगळ्यांचे अंगठे होते त्यावर. लगेच पेटला नाही. आधी एका बाजूनं वळला, मग पेटला. गुळव्यानं दिलेला रस मी सगळा प्यालो. मला तहान लागली होती. त्या तहानेचंसुद्धा मला पुढं कितीतरी वर्षं वाईट वाटत राहिलं.

पेठेत पोचलो तेव्हा सगळे पारावर आले. चाचा सर्वांत पुढं.

"दिला?"

"दिला."

"कुणाच्या हातात?"

"गाडी थांबली. त्यांनीच घेतला."

"काय म्हणालं?"

इथं मी थांबू शकलो असतो. पण खोटं बोलायला लागला की माणूस ते चांगलं बोलायला बघतो. मी म्हणालो, "म्हणालं, बघतो."

चाचांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मुलाकडं वळून म्हणाले, "ऐकलास? बघतो म्हणालं. आता थांबायचं."

आणि ते थांबले. यातच सगळं आलं. पौषात नदीपलीकडच्या गावातल्या एका व्यापाऱ्यानं निरोप पाठवला. पाडव्याच्या आत येणाऱ्या विणकराला घर, मागाची जागा आणि पहिल्या सुताची उधारी देतो. पेठेतून सहा-सात घरं त्या निरोपावर गेली. चाचांचा मुलगा रोज भांडायचा. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं.

"अब्बा, जागा संपंल तिथली."

"महाराजांचा माणूस येणार हाय."

"कवा?"

"राज्य एवढं मोठं हाय. आपला एकट्याचाच कागद हाय व्हय? वेळ लागतोय. पोरगा सोताच्या डोळ्यानं बघून आलाय."

तो पोरगा म्हणजे मी. भिंतीच्या अलीकडं धोटा हातात धरून बसलेलो. उठून चार पावलं गेलो असतो तरी पुरलं असतं. पाडव्याला अजून दोन महिने होते. मी धोटा फेकला, पुन्हा फेकला. परड्याकडच्या खोलीतल्या मागांवर आणि पुढच्या दुसऱ्या मागावर मी मजूर ठेवले होते, ते शेजारच्या खेड्याचे. चार माग धडधडत होते.

पाडवा गेला. माणूस आला नाही. पेठेतले लोक हळूहळू महाराजांबद्दल बोलायला लागले. आधी दबकत, मग मोठ्यानं. सगळे राजे सारखेच, कागद घ्यायचा आणि बुडाखाली ठेवायचा, असं पंच पारावर म्हणाले. मी तिथंच बसलो होतो. ज्या माणसानं रस्त्यात गाडी थांबवली होती, त्याला आमच्या पेठेनं खोटा ठरवला, आणि मी मान हलवली.

पुढची खंडेनवमी आली. मी पुन्हा फळ्या टाकल्या, पुन्हा कडबा रचला. त्या वर्षी पाटीत फुलंच फार उरली. चाचांनी वाटा ऐकला. दिवाळी झाल्यावर त्यांनी गाडी ठरवली.

ते जायच्या दिवशी मी खड्डे भरायला मदत करायला गेलो. दोन्ही खड्डे त्यांनी स्वतःच भरले, मला फक्त माती आणून देऊ दिली. दुसरा खड्डा भरून झाल्यावर ते काठावर बसले, आणि हात झाडत म्हणाले, "तुझ्या परड्याकडच्या खोलीतल्या डाव्या मागाचा ठोकायचा हात्या ढिला झालाय. ठोका दुहेरी पडतोय. बघून घे, न्हायतर कापड इरळ हुईल."

मी घमेलं खाली ठेवलं.

आता लिहिताना वाटतं, किती मूर्ख होतो मी. मी कडबा रचत होतो पंचांच्या डोळ्यांसाठी. आणि भिंतीपलीकडं असा माणूस बसला होता ज्याला धोट्याच्या आवाजावरून सुताचा नंबर कळायचा. तो दोन मागांचा आवाज आणि चार मागांचा आवाज ओळखणार नाही? पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं.

"चाचा," मी म्हणालो, "तुम्ही पंचास्नी का न्हाय सांगितलं?"

"मी शेजारी हाय लेका. कारकून न्हवं."

एवढंच. चाचीनं सारवायला शेणाची बादली आणली आणि आम्ही बाहेर आलो. मागांचं त्यांना ठाऊक होतं. अर्जाचं ठाऊक नव्हतं. त्या वेळी सांगता आलं असतं. ते कधी नव्हे इतके माझ्या बाजूनं बोलले होते, आणि तेवढ्यामुळंच मला ते सांगवलं नाही. खोल्या उघडून माग मोजावेत हे वाक्य त्यांनी मला मुद्दाम लिहायला लावलं की सहज, मला सावरायला संधी द्यावी म्हणून की केवळ ते न्यायाचं होतं म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही. गाडी नदीच्या उतारावर गेली तेव्हा मुलगा गाडीच्या मागं चालत होता. त्यानं वळून बघितलं नाही.

नदीपलीकडं त्यांना घर मिळालं नाही. पाडव्याच्या आत गेलेल्यांनी जागा धरल्या होत्या. व्यापाऱ्यानं चाचांना आपल्या कारखान्यात दुसऱ्याच्या मागावर मजुरीला बसवलं. आयुष्यभर स्वतःच्या मागावर बसलेला माणूस. बाजारात कुणी भेटलं की कळायचं, की चाचा काठाचं काम करत नाहीत, तिथं साध्या पासोड्या विणतात. तिसऱ्या वर्षी ते गेले.

त्याच सुमारास कचेरीनं ठोक रक्कम रद्द केली. कुणाच्या अर्जानं नाही. पेठेत पट्टी वाटून घ्यायला माणसंच उरली नव्हती. कारभारी स्वतः पारावर येऊन म्हणाला, परत या, पाच वर्षं काहीच घेणार नाही. नदीपलीकडं दवंडी पोचवली. कुणी आलं नाही. येऊन करायचं काय? ताण्याला दहा माणसं लागतात, ती नव्हती. रंगारी गेला होता. फणी बांधणारा गेला होता. जैनांचं एक घर निपाणीला गेलं, दुसऱ्यानं सुताऐवजी तंबाखू धरली. बाजाराच्या दिवशी पूर्वी पेठेत बैलगाडी वळायला जागा नसे, तिथं आता दुपारी कुत्री झोपतात. पट्टी उठली आणि पेठही उठली. कचेरीला आता आमच्याकडून काहीच मिळत नाही, आणि कचेरीकडं मागण्यासारखं आमच्याकडंही काही उरलेलं नाही.

माझं बरं चाललं. हे लिहिणं भाग आहे. मागं राहिलेल्यांत माझे माग सर्वांत जास्त; ताण्याला मी खेड्यांतून मजूर आणतो. गेलेल्यांची गिऱ्हाइकं मला मिळाली. चाचांच्या घराची जागा कचेरीनं लिलावात काढली तेव्हा मी घेतली. मधली भिंत पाडून तिथं चार माग घातले. खड्डे खणताना त्यांनी भरलेली माती भुसभुशीत लागली, कुदळ सहज आत गेली. मजुराला वाटलं जमीन चांगली आहे. 

गेल्या उन्हाळ्यात चाचांचा मुलगा गावी आला होता. दर्ग्याच्या उरुसाला आला, आजा-आजीच्या कबरींवर चादर घातली आणि वाटेत माझ्या दारात थांबला. दाढी पिकली आहे. त्याची दोन मुलं सोलापूरच्या गिरणीत आहेत. मी त्याला आत बोलावलं, चहा दिला. तो चार मागांकडं बघत राहिला.

"इथंच अब्बा बसत हुतं," तो म्हणाला.

"व्हय."

"तुमास्नी सांगू का? शेवटाला मी त्यास्नी लई बोललो. म्हणलं, तुमच्या त्या महाराजापायी आपली जागा गेली. तर म्हणालं, तसं बोलू नगं. त्यांच्यापतूर कागद पोचला, त्यांनी हातात घेतला, हेच लई झालं. आपलं गाऱ्हाणं राजानं हातात धरलं, असं म्हणायचं." तो थोडा हसला. "मला न्हाय पटलं कधी. मी अजून शिव्या देतो महाराजास्नी. अब्बांना बी मनात लई दोष दिला. खुळ्यागत थांबलं म्हणून. तुम्ही तर तिथं हुतासा. खरंच घेतला हुता का त्यांनी हातात?"

कपातला चहा निवला होता. मी म्हणालो, "घेतला हुता."

तो उठला. उंबऱ्यात त्यानं माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, की एवढ्या वर्षांनी या पेठेत आपलं म्हणावं असं एकच दार उरलंय.

तो कुठं राहतो ते मला ठाऊक आहे. नदी ओलांडून पाच कोस. बाप खुळा नव्हता आणि राजा खोटा नव्हता, त्यांची जागा माझ्यामुळं गेली, हे त्याच्या दारात उभं राहून सांगण्याचं देणं मी त्याला लागतो. हा कागद वाचून दाखवूनही ते फिटणार नाही, तोंडानंच सांगायला हवं. अजून मी गेलेलो नाही.